खरखर थांबली त्याचं कारण

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

बाबांच्या गाडीची खरखर थांबली, तेव्हा तू माझी पाठ थोपटलीस. व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारा भाग मी खोलून साफ केला होता, म्हणून मीही फुशारले. मेकॅनिक असून शंका आली नाही, कारण टॉर्च धरून तूच शेजारी उभा होतास आणि वर "सापडलं का गं?" म्हणून विचारत होतास.

आज ऑइल काढलं, तर मधासारखं जाड. जाड ऑइल भरून आवाज दाबायचा आणि गाडी खपवायची, ही युक्ती बाबांनीच आपल्याला सांगितली होती, आणि सांगताना केवढे चिडले होते! दुपारी तुझ्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "इंजिन एकदम शांत आहे असं तुमचे दादा म्हणाले ना, सकाळी गाडी बघायला येतो." बाबांच्या मागे गाडी आपल्या दोघांची आहे, हे बिचाऱ्याला माहीतच नव्हतं.

मी नेहमीचं ऑइल भरलंय. तो भाग झिजलाय, रविवारी नवा बसवणार होते. आता सकाळी गिऱ्हाइकासमोर तूच गाडी सुरू कर. ती खरं बोलेल.

मी मैत्रिणीकडे राहतेय. किल्ली खिळ्यावर आहे, टॉर्चही तिथेच. या वेळी तो तुझा तूच धर.

धाकटी