जिभेखालची गोळी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज परत दाढी! काल माझ्या भावाकडे जायचं होतं तेव्हा खुंट तसेच ठेवून निघाले होते. "घरच्याच माणसांत जायचंय, कोण बघतंय" म्हणे. आणि आज सकाळी दवाखान्यात गोळी घ्यायला जायचं तर आरशासमोर गाल फुगवून दाढी, दोन्ही कल्ले सारखे, वरून पावडर. गोळी जिभेखाली ठेवायची असते. गालांना लावायची नसते.

मी डबा भरत होते. विचारलं, "आज काय विशेष?"

"विशेष काय असायचंय? माणसानं जरा नीटनेटकं राहावं. दवाखान्यातल्या ताई म्हणतात, बाहेरून नीट राहिलं की आतूनही नीट वाटतं."

ताई म्हणतात! हेच मी लग्न झाल्यापासून घसा कोरडा करून सांगते आहे. मी सांगितलं की कटकट, ताईंनी सांगितलं की सुविचार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निळा शर्ट. इस्त्री स्वतः केली. कॉलरला उलट्या बाजूनेसुद्धा.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज दुकानात उशिरा येते म्हणून सांगितलं आणि मुद्दाम यांच्याबरोबर गेले. एकदा बघायचंच होतं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाकं, आत डॉक्टर, आणि मधल्या भिंतीला एक खिडकी. खिडकीत ही ताई. मी तिला मनातल्या मनात गोळीवाली म्हणते. ही व्यसन सोडवायची गोळी बाहेर दुकानात मिळत नाही, तसा नियमच आहे. घरी न्यायची नाही, कारण लोक नेतात आणि विकून मोकळे होतात. म्हणून रोज सकाळी जाऊन तिच्या देखत घ्यायची. जिभेखाली ठेवायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत गप्प बसायचं. बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही, पाणी नाही. ती समोर स्टुलावर बसून बघत राहते. मग म्हणते, "जीभ वर," आणि छोटी बॅटरी मारून तपासते.

मी बाकावरून दोघांना बघत होते. हा माणूस माझ्यासमोर जेवताना दोन मिनिटं एका जागी बसत नाही. मोबाईल, पेपर, खिडकी, "मीठ कुठं ठेवलंस?" आणि तिथं? शाळेतल्या शहाण्या मुलासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते. पापणीसुद्धा लवत नव्हती.

बरं, देखणी म्हणावी तर तेही नाही. पन्नाशीची असेल. दात पुढे, पायात रबरी सपाता. देखणी असती तर मनाची काही समजूत तरी घातली असती. चष्मा इतका सैल की सारखा नाकावर घसरत होता. मी दिवसभर लोकांचे चष्मेच बसवते, मला बघवत नाही ते. चार वेळा वाटलं, म्हणावं, द्या इकडे, नाकाजवळच्या उशा दाबून देते. नाही म्हटलं. घसरू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई विचारत होत्या, "माणूस सुधारतोय तर तुझ्या पोटात का दुखतंय?" अगदी बरोबर बोलल्या. दुखतंच आहे. पण असं दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

लिफ्ट दुरुस्त करताना हे खाली खड्ड्यात पडले, कंबर गेली. दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या. कंबर जुळली, गोळ्या काही सुटल्या नाहीत. आधी कोपऱ्यावरचा दुकानदार चिठ्ठीशिवाय पाकीट हातावर ठेवायचा, वर "तब्येतीला जपा" म्हणायचा. मग नियम कडक झाला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शिक्का मारल्याशिवाय एक गोळी द्यायची नाही. सगळे म्हणाले, फार चांगलं झालं. कसलं चांगलं! यांनी गोळ्या सोडल्या नाहीत, दुकान बदललं. मागच्या गल्लीत, पुलाखाली, कुणाच्या तरी खिशातून.

तेव्हा कोण होतं? उलट्या कुणी पुसल्या? कंपनीत फोन करून "ताप आलाय" कुणी सांगितलं? यांचे खिसे, बूट, उशीचे अभ्रे, पंख्याची वरची बाजू, सगळं चाचपून गोळ्या कुणी शोधल्या? मीच. माझे पाय धरून रडायचे, "तू जाऊ नकोस गं." फार वाईट दिवस होते ते, पुन्हा वैऱ्यालाही दिसू नयेत. पण तेव्हा माझ्याशिवाय पान हलत नव्हतं यांचं. आता मी नसले तरी चालतं. फक्त बस वेळेवर यायला हवी, दवाखान्याची.

सवत असती तर झिंज्या धरल्या असत्या. इथं कुणाच्या धरू? गोळीच्या?

१२ फेब्रुवारी, बुधवार

शेजारचे काका दारात उभे होते. "तब्येत काय म्हणते?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "त्या दवाखान्यातल्या ताईंनी मला वाचवलं हो. दुसरा शब्द नाही."

मी आत भांडी घासत होते. एक कप फुटला. फुटला म्हणजे, मी फोडला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मी काय, घरात होते. भिंतीही घरातच होत्या.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारच्या सुट्टीत एकटीच गेले दवाखान्यात. भांडायलाच गेले होते. काय बोलायचं ते सगळं वाटेत घोकलं होतं.

दुपारची वेळ, बाकं रिकामी. गोळीवाली खिडकीतच डबा खात होती. मला बघून उठली. "या ना वहिनी, बसा."

वहिनी! हे तिला ताई म्हणतात म्हणून मी हिची वहिनी. नातं परस्पर जोडून मोकळी!

म्हणाली, "तुमच्याबद्दल सारखं सांगत असतात. तुम्ही किती सोसलंत ते."

"कधी सांगतात? तोंडात गोळी असताना?"

हसली. "गोळी संपल्यावर हो. बसतात थोडा वेळ."

म्हणजे गोळी संपल्यावरही बसतात! आणि घरी उशीर झाला की बस चुकलेली असते. सारखी कशी हो चुकते एकाच माणसाची बस?

पण मी तोंड उघडायच्या आत तिनंच विषय काढला. म्हणाली, "आता ते स्थिर आहेत. घरी कुणी जबाबदार माणूस असेल तर डॉक्टर आठवड्याच्या गोळ्या घरी देतात. कुलपाची डबी मिळते, किल्ली घरच्या माणसाकडे. मात्र रोज समोर बसायला लागतं, पूर्ण विरघळेपर्यंत. मधे उठायचं नाही, दुसरं काम करायचं नाही. तुम्हाला जमेल का?"

मला विचारते, जमेल का!

काय घोकलं होतं ते सगळं विसरले. म्हटलं, "जमेल." मग काय झालं कोण जाणे, हात पुढे केला आणि म्हटलं, "तो चष्मा द्या इकडे." दोन्ही उशा दाबून दिल्या, काड्या कानामागे जरा वाकवल्या. तिनं घालून मान हलवून बघितली. म्हणाली, "देव भलं करो तुमचं."

बाई वाईट नाही. हेच तर वाईट आहे.

३ मार्च, सोमवार

किल्ली माझ्याकडे!

सकाळी स्वयंपाकघरात दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. गॅस बंद केला. सासूबाईंना सांगितलं, आता मला हाक मारायची नाही. त्या म्हणाल्या, "पूजेला बसल्यासारखं काय करताय?" म्हणू देत.

डबी उघडली, गोळी वाटीत टाकली, हे म्हणाले, "हातात दे की." म्हटलं, "नाही. नियम म्हणजे नियम." जिभेखाली ठेवली. आणि बसले माझ्यासमोर. हात मांडीवर.

पहिल्यांदा हसूच आलं दोघांना. यांनी हसायचं नसतं म्हणून डोळे वटारले मी. मग शांत झालो. यांच्या उजव्या डोळ्यात बुबुळाजवळ एक तपकिरी ठिपका आहे. रोज शंभर माणसांच्या डोळ्यांत बघते मी, प्रत्येकाचा नंबर मला माहीत, आणि नवऱ्याच्या डोळ्यातला ठिपका आज दिसला.

आणि एक मोठीच गंमत कळली. यांना बोलता येत नाही, पण मला येतं! मी सुरू झाले. दुकानात एक बाई आली, सगळे चष्मे घालून बघितले आणि शेवटी स्वतःचाच जुना घालून म्हणाली, हा छान आहे, हाच द्या. मालक कसा तोंड वासून बघत राहिला ते सांगितलं. पूर्ण सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे "मुद्द्याचं बोल" नाही, मोबाईल नाही, मीठ नाही. डोळे हसत होते यांचे.

मग म्हटलं, "जीभ वर."

संपली होती. मला नको होती इतक्यात संपायला.

१० मार्च, सोमवार

काल रविवार असून दाढी केली. कुठे जायचं नव्हतं.

मी काही विचारलं नाही. उगाच दृष्ट लागते.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांकडे गेलो. यांना बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, "पेशंटला विचारून उपयोग नसतो. गोळी लवकर सोडायची घाई असते, काही झालं तरी बरं आहे म्हणतात. तुमच्या सांगण्यावर मी ठरवतो." मग एकेक विचारलं. झोप लागते का? घाम येतो का? पाय झाडतात का? चिडचिड? मी खरं ते सांगितलं. काही नाही, सगळं उत्तम.

उद्यापासून अर्धी गोळी. हे इतके खूश झाले की बसमध्ये कंडक्टरलाच सांगायला निघाले होते.

२८ मार्च, शुक्रवार

अर्धी फार लवकर विरघळते. आज माझी गोष्ट अर्ध्यावरच राहिली. हे उठले, चूळ भरली आणि म्हणाले, "बाकीचं संध्याकाळी सांग." संध्याकाळी त्यांना मॅच बघायची होती.

५ एप्रिल, शनिवार

यांचे साहेब आले होते घरी. इतके दिवस यांना गोदामात सुटे भाग मोजायला बसवलंय. गोळी चालू असलेल्या माणसाला लिफ्टच्या खड्ड्यात उतरवायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. साहेब म्हणाले, "गोळी बंद झाल्याचं डॉक्टरांकडून लिहून आणा, दुसऱ्या दिवशी हत्यारं हातात देतो. नव्या इमारतींची कामं आहेत, बाहेरगावी राहावं लागेल थोडं."

हे लहान मुलासारखे सासूबाईंना जाऊन सांगून आले. सासूबाई म्हणाल्या, "झोप पण पहिल्यासारखी लागते हो याला. असा घोरतो की पलीकडच्या खोलीत माझे कान किटतात, पण बरं वाटतं." खरं आहे. ढाराढूर झोपतात.

मीसुद्धा खूश होते. खरंच होते. चहा गाळत होते.

तर हे म्हणतात, "सोमवारी पाव गोळी करतील. मग दोनेक आठवड्यांत संपलं. शेवटची गोळी मात्र मी ताईंच्या खिडकीवर जाऊन घेणार. त्यांच्यासमोर बसून. त्यांनी सुरू केलं, त्यांच्यासमोरच संपायला पाहिजे. हो ना?"

"हो," मी म्हटलं, "छान होईल."

छान म्हणाले मी! गाळणं तसंच हातात, चहा ओट्यावर सांडलेला, आणि मी छान म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. महिनाभर रोज समोर बसले. गॅस बंद करून बसले. आणि शेवटची तिच्यासमोर!

६ एप्रिल, रविवार

पाव गोळी म्हणजे चष्म्याच्या काडीतल्या स्क्रूएवढी. जिभेला टेकली की संपली. मग यांना माझ्यासमोर बसायचं कारण काय?

७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. झोप कशी आहे, विचारलं. म्हटलं, "झोप कुठली हो! रात्रभर तळमळतात. अंग घामानं भिजतं, पाय झाडतात." पाव राहिली बाजूला, गोळी पुन्हा अख्खी झाली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पण मला तर काहीच जाणवत नाही गं."

म्हटलं, "झोपेत असता तुम्ही."

बराच वेळ खाली मान घालून चालले. मग रस्ता ओलांडताना माझा हात धरला. म्हणाले, "तू नसतीस तर मला कळलंही नसतं."

घरापर्यंत सोडला नाही.