ओत्सविर्कचा घोडा

२ एप्रिल, मंगळवार

डोळे चुरचुरतायत. टेकडीवरच्या उत्खननातून आमच्या संग्रहालयातल्या तियाशाने आणलेलं चांदीचं नाणं दिवसभर भिंगाखाली होतं. केल्टांचं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडा. घोड्याच्या पुढच्या पायापासून कडेपर्यंत बारीक रेघ – नाणं ठोकायचा ठसा तडकला होता, त्याची. असा तडा दुसऱ्या ठशाला जसाच्या तसा जाणं शक्य नाही.

ही रेघ मी आधी पाहिली आहे. ओत्सविर्कच्या नाण्यावर. आम्ही खोटं ठरवलेल्या!

३ एप्रिल

कपाटाचा तळाचा खण उघडला. तीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

फेलिक्स ओत्सविर्क. बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचा शेतकरी, गावच्या आग विझवणाऱ्या बंबदलाचा प्रमुख. १९८८ साली साविन्या नदीच्या वाळूत त्याला हे नाणं मिळालं आणि त्याने ते आपणहून आणून दिलं. वर्षभराने राजधानीतून तज्ज्ञ आले. म्हणाले, "हे ओतीव आहे. ठोकलेलं नाही. कुणीतरी तुम्हाला बनवलंय." अहवालावर खाली माझीही सही आहे. गावाने त्याला टाकसाळवाला म्हणायला सुरुवात केली. बंबदलाने गणवेश परत मागितला, त्याने दिला नाही.

तज्ज्ञ बरोबरच होते. खणातलं नाणं ओतीवच आहे, आजही दिसतं. पण तियाशाचं नाणं तेव्हा जमिनीत होतं, आणि या ठशाचं दुसरं कुठेच नोंदलेलं नाही. मग ओतायला अस्सल नाणं आणलं कुठून?

नाणं आलं त्या दिवसाचे कागद काढायला हवेत.

५ एप्रिल

सापडलं. नको होतं सापडायला.

नाणं आलं त्याच दिवशी मी प्लास्टरचा छाप घेतला होता. तो डबीत आहे, सोबत माझ्या अक्षरात चिठ्ठी – वजन ९.९४ ग्रॅम. खणातलं नाणं आज तोललं. ९.४१. आणि छापापेक्षा केसभर लहान. ओतताना चांदी आकसते, तेवढंच.

आमच्या थोरल्या साहेबांची एक रीत होती. नाणं आणून देणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही – त्याची चांदीत ओतलेली प्रत समारंभात द्यायची. एकच प्रत. मीच दोन डब्या भरल्या. अस्सल एकीत, प्रत दुसरीत. झाकणं लावून मग चिठ्ठ्या चिकटवल्या.

झाकणं लावून मग!

म्हणजे आम्ही आमचीच प्रत तपासली. आणि अस्सल नाणं त्याच्या घरी.

६ एप्रिल, शनिवार

ओत्सविर्ककाकांकडे गेले. फानिका, त्यांची मुलगी, हॉप्सच्या तारा बांधत होती. ती म्हणाली, "फार बोलू नका हं त्यांच्याशी, धाप लागते."

ते शेगडीपाशी, गुडघ्यांवर घोंगडी.

"या बाई. वाट सापडली म्हणायची."

"तब्येत काय म्हणते, काका?"

"टाकसाळ बंद पडत आलीय." हसले, मग खोकले.

ती प्रत बघायला मिळेल का, विचारलं. त्यांनी बंडीच्या खिशातून काढून दिली. कडेला बारीक चिरा. घणाच्या घावाने चांदीला पडतात तशा. मी पर्समधला छोटा काटा काढला.

९.९४.

"किती भरलं?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे किती?"

मी काटा पर्समध्ये टाकला. म्हटलं, कागद तपासून कळवते. त्यांनी नाणं परत बंडीच्या खिशात ठेवलं.

"तपासा सावकाश. गणवेश कपाटात आहे, त्याला कसर लागू देत नाही मी. संत फ्लोरियानच्या सणाला बंबदलातले सगळे घालतात, मी घरात बसतो. नाहीतर मेल्यावर घालायचा. पण त्याला बंबदलाची परवानगी लागते म्हणे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. भित्री आहे मी.

११ एप्रिल

पत्र लिहिलं. फाडलं.

१६ एप्रिल

तीस तारखेला माझा निवृत्तीचा निरोपसमारंभ. महापौर येणार आहेत. तियाशा म्हणाली, "बाई, तुमच्या भाषणात ओत्सविर्कचा किस्सा हवाच हं! आम्हाला पहिल्या दिवशी तोच सांगितला होता तुम्ही." खरं आहे. दर वर्षी नव्या लोकांना सांगत आले. लोक हसायचे, मीही हसायचे.

ठरवलं, निरोप होऊन जाऊ दे, मग मेच्या एक तारखेला सगळं लिहून देईन. चार तारखेला फ्लोरियानचा सण. तोवर त्यांना गणवेश घालता येईल. तीन दिवस पुरतात.

२१ एप्रिल, ईस्टर

अक्रोडाची पोटित्सा भाजताना बिघडली, मधे कच्ची राहिली. बहिणीने विचारलं, "लक्ष कुठंय तुझं?"

२४ एप्रिल

फानिकाचा फोन. पहाटे काका गेले.

२६ एप्रिल

दफन झालं. तपकिरी कोटात. बंबदलाचं कुणी नव्हतं, भोंगा वाजला नाही. पेटी खाली गेली. मातीचं घमेलं फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं. फानिकाने मूठ भरून घेतली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "तुमची ती प्रत त्यांच्या खिशात ठेवलीय. शेवटपर्यंत म्हणायचे, खरं नाणं हेच. आम्ही आपलं हो ला हो करायचो."

मी म्हटलं, "खरंच होतं, फानिका. चूक माझी होती."

तिने मूठ उघडली नाही. मागे रांग थांबून राहिली.