बाराचा एक

सोमवार

सकाळी नऊची गाडी सुटली. सात दिवसांचा प्रवास आणि हा नऊ नंबरचा डबा आता माझा! चाळिशी जवळ आल्यावर डबा सांभाळायची नोकरी लागली, तीही फिरती. गणवेशाच्या बाह्या बोटांपर्यंत येतात, पण आरशात पाहिलं तर चक्क रुबाबदार दिसते. बत्तीस बर्थ, सगळे भरलेले. एका टोकाला पाणी उकळायचा बंब, त्याला लागून माझी खोली. खोली कसली, कपाटच, पण आतून कडी आहे.

बाबा अकरा नंबरवर. नोकरीत घरच्या एका माणसाला पास मिळतो, म्हणून त्यांना पलीकडच्या टोकाला दादाकडे पोचवते आहे. सहा वर्षं मी केलं, आता त्याने करावं. फोनवर 'बघू, बघू' करत होता. शेवटी मीच सांगून टाकलं की रविवारी चाकांची खुर्ची घेऊन फलाटावर ये. बाबांना चार पावलं चाललं की दम लागतो.

बाबा गिरणीत भोंग्यावर होते. एकतीस वर्षं त्यांच्या हाताने अख्खं गाव वेळेवर उठलं. आज गाडी चार मिनिटं उशिरा सुटली, तर त्यांनी मलाच झापलं. जशी काही मीच ती ओढत होते!

मंगळवार

हा मुलूख एवढा अफाट आहे की रोज घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. बंबाशेजारी भिंतीवर गोल घड्याळ आहे. दुपारी बारा वाजले की स्टुलावर चढायचं, काच उघडायची आणि बोटाने काटा फिरवून बाराचा एक करायचा. शेजारच्या डब्यात माझ्याच कामावर एक मावशी आहे, वीस वर्षं याच गाडीवर. तिने बजावलं की काटा फिरवताना नजर खाली ठेव आणि जवळ कोणाला उभं राहू देऊ नकोस. म्हटलं, असतील जुन्या माणसांचे सोपस्कार.

आत्ताच फिरवून आले आणि लगेच लिहायला बसले. नजर खाली ठेवली बाई. चार नंबरची शिवणकामवाली मात्र आपलं घड्याळ लावायला येऊन उभी होती, मान वर करून. तिला कसं हाकलू? सकाळीच तिने माझ्या बाह्या पाच मिनिटांत आखूड करून दिल्या. तिला चहा देऊन येते.

बुधवार

चहाचे बत्तीस कप भरले, दोन उरले. चार नंबर रिकामा, वीस नंबर रिकामा. यादीतही रिकामे. माझाच घोळ असेल म्हणून स्वतःवर चरफडले.

मग ही वही उघडली आणि कालचं पान वाचलं. कोण शिवणकामवाली? मला अशी कोणी आठवत नाही. पण अक्षर माझं आहे आणि बाह्या आखूड आहेत. बारीक, सारखे टाके. मला साधं बटण लावता येत नाही.

आज काटा फिरवताना घड्याळापाशी कोण होतं, तेही आठवत नाही. वीस नंबरच्या उशीखाली चष्मा सापडला.

गुरुवार

सकाळी मावशीला गाठलं. ती नजर चोरून म्हणाली की गाडीप्रमुखांना विचार. प्रमुख अंडं सोलत बसले होते. सोलतासोलताच सांगितलं. रोज एक तास नाहीसा करायचा तर तो कोणाच्या तरी वाट्याचा जाणारच, आणि जो त्या वेळी घड्याळाकडे बघतो त्याचा जातो. त्याच्याबरोबर तोही. चहा निवेपर्यंत सगळे त्याला विसरतात.

मी विचारलं, मग प्रवाशांना सांगत का नाही? तर म्हणे, आजवर एकही तक्रार आलेली नाही. कशी येईल, मेल्या! ज्यांनी करायची त्यांच्या लक्षात तरी राहतं का? हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्यांनी अंड्यावर मीठ घातलं आणि म्हणाले, नोकरी सोडायची असेल तर गणवेश धुऊन परत करा.

बारा वाजता काट्याला हात लावला नाही. यापुढेही लावणार नाही. फिरवलाच नाही तर कोणी जाणारच नाही.

शुक्रवार

आजही फिरवलं नाही. तीस कप, तीस माणसं! घड्याळावर उशीचा अभ्रा चढवून टाकला. प्रमुख येऊन बघून गेले. म्हणाले, तुमची मर्जी, पण तास कुठे जात नाहीत, साठून राहतात.

बाबांनी मात्र जीव नकोसा केला आहे. दर स्टेशनात फलाटावरचं घड्याळ बघतात आणि मला हाक मारतात. दोन तासांचा फरक! त्यांना सगळं खरं सांगितलं. म्हणाले, काम टाळायचं असलं की गोष्टी रचायच्या ही तुझी लहानपणापासूनची खोड. दादाने सांगितलं असतं तर लगेच पटलं असतं!

शनिवार

सकाळपासून बाबांचं तेच. दुपारी तीन तासांचा फरक झाला. लोक हसायला लागले. मी ओरडले, अख्ख्या डब्यादेखत. एवढं खुपतंय तर स्वतः फिरवा ना!

झाडू घेऊन दुसऱ्या टोकाला गेले. रागात. पाच मिनिटं फक्त.

परत आले तर — स्टुलावर चढलेले. चार पावलं चालवत नाही त्यांना. अभ्रा खांद्यावर. बोट काट्यावर. मान वर. म्हणाले, बघ, आता कसं बरोबर —

धावले. स्टूल रिकामं.

लिहायला हवं. लगेच. चहा निवेपर्यंत. माझे बाबा. अकरा नंबर. गिरणीचा भोंगा. डाव्या अंगठ्याला नख नाही. सायकलवर पुढे बसवून शाळेत — एकदाही उशीर नाही, एकदाही — आणि मी शेवटचं काय बोलले तर — राग होता, पण तसला नाही, बाबा, तसला —

अकरा नंबर. उंच. चहात साखर दोन चमचे. मला हाक मारताना — काय म्हणायचे —

अकरा. उंच —

अकरा —

हे स्टूल वाटेत कोणी ठेवलं? नडगी फुटली माझी. लोकांना जरा म्हणून अक्कल नाही.

रविवार

शेवटचं स्टेशन. गाडी मिनिटावर पोचली. एकोणतीस माणसं उतरली.

फलाटावर दादा! हातात चाकांची खुर्ची. कोणासाठी, विचारलं. तो गोंधळला, मग माझ्यावरच डाफरला, तूच आणायला सांगितलीस म्हणे. मी कशाला सांगू? तिथेच जुंपली आमची. मग तो रिकाम्या खुर्चीकडे बघू लागला. खुर्ची मात्र सोडेना.

अकरा नंबरवर लोकरीची कानटोपी सापडली. आत डोक्याच्या तेलाचा वास. रडू आलं. कशाचं ते कळेना, म्हणून आणखीच संताप आला.

वही चाळते आहे. सोमवारचं पान. 'सहा वर्षं मी केलं.' कोणाचं केलं? अक्षर माझंच आहे. दादाला दाखवलं. त्याने एका शब्दावर बोट ठेवलंय आणि मला विचारतोय की हे बाबा म्हणजे —