अर्ध्या फेरीची काठी

१७ फेब्रुवारी २०२५

काठी अजून दारातच! सहा दिवस झाले. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहतात, चप्पल काढतात, माह्यासमोर बसून मान हालवतात, चहा पितात अन् जातात. एकानंही विचारलं नाई – आशाबाई, ही काठी पुढं न्यायची का?

तेंदूची जुनी काठी, टोकाले पितळी कडं. ती ज्याच्या दारात उभी, त्या घरच्या गड्यानं दुसऱ्या दिवशी गावाच्या जंगलाची फेरी करायची. चोरतोड पाहायची, आग पाहायची, सीमेचे दगड जागेवर आहेत का पाहायचे. फेरी झाली की संध्याकाळी काठी शेजारच्या दारात. गावाले जंगलाचा हक्क मिळाला तेव्हा आमच्या ह्याईनंच ग्रामसभेत हा नियम घालून घेतला. "अर्धी फेरी म्हणजे फेरी नाई! ज्या घरानं पुरी केली, त्याच घरानं काठी पुढं न्यावी." केवढ्या मोठ्यानं बोलले होते. तेव्हा कुठी माहीत होतं, आपणच अर्धी सोडून जाणार म्हणून.

मंगळवारी कोसंबाच्या नाल्यापाशी छाती धरून बसले, ते बसलेच. गुराख्याईनं पाहिलं. खाटेवर घालून घरी आणलं, संग काठी आणली, कोणीतरी ती भिंतीले टेकवली. माणूस नेला अन् काठी ठेवून गेले!

ही वही पोरीच्या, मंजुषाच्या शाळेतली, अर्धी कोरी. बोलायचं तर कोणाशी? ह्याईच्याशी बोललं की भांडण व्हायचं. आता भांडायलेही माणूस नाई.

१८ फेब्रुवारी

काठी तिथंच. ओटा झाडताना तिच्या बाजूनं झाडलं.

२३ फेब्रुवारी

तेरवी झाली. समाजमंदिरासमोर मंडप, ह्याईचा मोठा फोटो. गोंडपिपरीच्या स्टुडिओतला, त्यात अंगात माह्या भावाचा कोट आहे. स्वतःचा कोट या माणसाले कधी होता का?

वामनराव उभे राह्यले. ग्रामसभेचे अध्यक्ष, बोलायले त्याईले आवडतेच. म्हणे, "गुणवंतराव म्हणजे गावाचा आधारवड. निःस्वार्थी समाजसेवक." मले हासू आलं! तोंडात पदर कोंबला. बायाईले वाटलं रडून राह्यली.

मी सांगू का गुणवंतराव कोण होते ते? तीन एकराची धानाची बांधी, अन् रोपं लावायचा रोवणा गावात सगळ्याईच्या शेवटी. आमचे पऱ्हे पिवळे पडून राह्यले, अन् हे कोणाच्या तरी न्हाणीतला नाग डब्यात भरून रानात सोडायले गेलेले. येताना गमछ्यात सात्या, रानातली अळंबी. "आशा, पाह्य काय आणलं!" चार छत्र्या भाजीच्या, पण तोंडावर आनंद असा का धानाचं पोतं आणलं.

कोणाची बाई अडली की ह्याईची मोटरसायकल. बारा वर्षांत मी तिच्यावर चार वेळा बसली असीन, अन् गावच्या अर्ध्या बाळंतिणी बसल्या. दिवाळीनंतर नाटकात काम करायचे, तेही खलनायकाचं. पाहणारे म्हणत, गुणवंताले रागावता येत नाई, नुसता मिशीवरून हात फिरवते. खरं आहे ते. तीस वर्षांत माह्यावर आवाज चढवला नाई. मी भांडी आपटावी अन् ह्याईनं हासावं. एकदा तरी ओरडले असते बापा!

दोन मिनिटं सगळे उभे राह्यले. मग पंगत बसली. काठीचं नाव कोणी काढलं नाई.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. थोडं गाव मार्कंड्याच्या जत्रेले, थोडं तेलंगणात मिरची तोडायले गेलेलं. गल्लीत कुत्रं नाई. मंजुषाचा फोन भद्रावतीहून – "आई, इकडे ये आता. एकटी काय करते तिथी?"

म्हटलं, येते. मग म्हटलं, काठीचं काय करू?

"कोणती काठी?"

विसरली पोरगी! या काठीपायी बाप तिच्या साक्षगंधाले उशिरा पोचला होता. पाहुणे बसलेले, अन् हा माणूस मांडवात चिखलाच्या पायानं.

पिशवी भरली. मग सगळं काढून पुन्हा पेटीत ठेवलं. या दारात काठी सोडून निघून गेली तर लोक काय म्हणतील, असं नाई. मलेच जाता येत नाई. काऊन, ते सांगता येत नाई.

५ मार्च

बसलं की उठावं वाटते, उठलं की बसावं वाटते. भात लागला आज. दोनदा.

राग लिहून काढते. गावात एकेचाळीस घरं. हिशेबानं पाळी दीड महिन्यानं एकदा यायले पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात वाघानं गुराखी नेला, अन् तेव्हापासून काठी आमचं घर सोडेचना! संध्याकाळी पाहावं तर दुसऱ्याच्या ओट्यावर. सकाळी उठावं तर आमच्या दारात, अन् हे डोक्याले गमछा बांधून तयार.

मी म्हणायची, "गावानं तुमाले भोळा पाहून धरलं. वाघ काय फक्त त्याईलेच खाते? तुमाले नाई खात?"

"जाऊ दे ना आशा. कोणाचं लेकरू लहान आहे, कोणाची कंबर धरली आहे."

अन् रात्री जेवताना सगळी फेरी सांगायचे. कुठी अस्वल उकरून गेलं, कुठी दगड कलला, कोणत्या वळणावर काय. मी ऐकतच नव्हती. नाई, ऐकत होती, पण ऐकत नाई असं दाखवायची.

अन् तेच लोक आता म्हणतात, निःस्वार्थी! निःस्वार्थी माणूस मिळाला म्हणून तुमचा स्वार्थ साधला. लाज वाटली पाहिजे.

१४ मार्च

धुळवड. आमच्या दारात कोणी रंग आणला नाई, बरोबरच आहे. दुपारी वामनराव आले. बसले. काठीकडे पाहिलं. "वहिनी, ते काठीचं..." मी वाट पाहिली. पाणी दिलं, सुपारी दिली. "काई लागलं त सांगा," म्हणून उठून गेले!

शेवटी शेजारच्या अन्नपूर्णाले विचारलं. नवरा तिचा मिरचीले गेला आहे, पुढची पाळी तिच्याच घराची. ती म्हणे, "कोण मागन बाई तुमाले काठी? मागणं म्हणजे, तुमचा माणूस संपला, आता सोडा, असं तोंडावर म्हणणं. तुमाले कसं वाटन?"

म्हणजे ते माह्यासाठी थांबले, अन् मी त्याईच्यासाठी! महिना झाला, जंगलात कोणाचं पाऊल नाई. अन् नियम असा की ज्या घरात गडी नाई त्या घराले ओलांडून काठी पुढं जाते. पण आमची फेरी तर अर्धी लटकलेली. ओलांडून नेता येत नाई, पुरी करायले गडी नाई. बाईच्या हातात काठी आमच्या गावात गेलीच नाई कधी.

ह्याईचाच नियम, ह्याईच्याच दारात अडकला.

१५ मार्च

काठी धुतली. धूळ बसली होती. उगाच धुतली.

२१ मार्च

आग लागली.

मोहफुलं पडायले लागली की झाडाखालचा पाला जाळतात, फुलं दिसावी म्हणून. दरसाली जाळतात. पण दरसाली हे प्रत्येक झाडाखाली जाऊन उभे राहायचे. "पाला मधात ओढ. पाणी टाक. विझल्याबिगर उठू नको." बाया कंटाळायच्या. औंदा कोणी उभं नव्हतं.

दुपारी टेकडीवर धूर दिसला. पळसाच्या डहाळ्या घेऊन सगळे धावले, मीही धावली. संध्याकाळ झाली विझायले. हात भाजला थोडा. पण बांबूचा पट्टा गेला. तीन वर्षं ह्याईनं त्यात एक बकरी जाऊ दिली नव्हती, तो पट्टा. सगळे काळे होऊन एकमेकाईकडे पाहत उभे. मले कोणाच्या तरी कानाखाली वाजवावी वाटलं, कोणाच्या ते समजेना.

२२ मार्च

ग्रामसभा. वामनरावांनी सुरुवात केली – "आज गुणवंतराव असते त..."

झालं! मी उठली. बायाईच्या मागच्या रांगेतून उठली अन् जे तोंडाले आलं ते बोलली. "गुणवंतराव असते त काय? पुन्हा तुमची पाळी त्याईच्या दारात टेकवली असती! नऊ वर्षं मी पाहून राह्यली. रात्री तुमच्या ओट्यावर काठी, सकाळी आमच्या. भला माणूस दिसला की वापरून घ्यायचा, अन् मेल्यावर फोटोले हार!"

खाली पाहून राह्यले सगळे. वामनराव चष्मा पुसायले लागले.

मग टोलीच्या वस्तीतले बुधूभाऊ उठले. काठी त्याईनंच कापून दिली होती, ह्याईचे जुने जोडीदार. गुडघे गेले आहेत, भिंतीले धरून उठले. म्हणे, "बाई, रागावू नको. कोणी टेकवली नाई तुह्या दारात. तो नेत होता."

"कोण?"

"गुणवंता. पहाटे यायचा अन् दुसऱ्याच्या ओट्यावरून काठी उचलून न्यायचा. पयले पयले लोक भ्यायले होते, म्हणून नेली. मंग भीती गेली, तरी न्यायचा. माह्या पोरानं दोनदा काठी घरात लपवली, का मले जायचं आहे म्हणून. यानं दार वाजवून मागून घेतली! मी म्हटलं, गुणवंता, पोराईले जाऊ दे बे, त्याईले रस्ता समजू दे. हासला नुसता. आता पाह्य, चाळीशीच्या आतला एक पोरगा सीमा दाखवू शकत नाई. मी सांगू शकतो, चालू शकत नाई."

मी खाली बसली. कोणी हासलं नाई माह्यावर. हासले असते तर बरं झालं असतं.

२३ मार्च

खोटारडे! नऊ वर्षं "कोणाची कंबर धरली" म्हणून सांगितलं मले. अन् मी अख्ख्या गावाशी अबोला धरला. अन्नपूर्णाच्या सासूच्या मयतीले मी उशिरा गेली होती, का या लोकाईनं माह्या नवऱ्याले राबवलं म्हणून.

रोवणा मागं पडला तो गावापायी नाई. स्वतःच्या हौसेपायी! मी दुपारी घरात एकटी जेवत होती ती कोणाच्या लेकरापायी नाई. मोकळंच सांगायचं ना – आशा, मले घरात करमत नाई. तेवढं सांगायले काय झालं होतं? मी काय धरून ठेवलं असतं?

धरलं असतं म्हणा.

अन् गावाचं पाहा. जंगल राखता राखता जंगल राखणारं माणूस एक नाई उरू दिलं. या माणसाले भला म्हणू का लबाड म्हणू? फोटोकडे पाठ करून बसली दिवसभर.

२४ मार्च

वामनरावांकडे गेली. "उद्या फेरी पुरी करते. मी."

"वहिनी, बाईमाणूस..."

"मग तुमी चला. कोसंबाच्या नाल्यापुढं सीमा कुठून वळते, सांगा बरं?"

चष्मा पुसायले लागले.

"मले माहीत आहे," मी म्हटलं. मी नऊ वर्षं तेच जेवली आहे.

२५ मार्च

पाय सुजले, पण आज लिहिल्याबिगर राहवत नाई. अन्नपूर्णाले संग घेतलं. उजाडल्यावर निघालो, मोठ्यानं बोलत, काठी आपटत. पांढरा दगड. तिथून चिखलबोडीचं तळं. तळ्याच्या बांधानं तीन मोहाच्या झाडाईपर्यंत. सगळं जागच्या जागी! मी कधी गेली नव्हती तिकडे अन् पाय आपोआप वळून राह्यले. अन्नपूर्णा म्हणे, "बाई, तुमी येऊन गेल्या होत्या काय पयले?"

कोसंबाच्या नाल्यापाशी थांबलो. बसले असतील ती जागा ओळखू आली, दगड एकच आहे बसण्यासारखा. मी बसली. गार सावली, खाली थोडं पाणी. राग होताच, तरी मनात आलं – जागा चांगली पाहिली.

नाल्यापुढं चुकलो. हे डाव्या हाताले वळायचं म्हणत, ते चढताना का उतरताना, ते मी कधी विचारलंच नव्हतं. एक घंटा काट्यात फिरलो, अन्नपूर्णाची साडी फाटली, तिनं मले मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. मग कललेला दगड सापडला! दोघीनं मिळून सरळ केला. पुढं वडावर हरियल बसले होते, पानाच्याच रंगाचे पारवे, शंभरेक. टाळी वाजवली तर सगळं झाड उडाल्यावाणी झालं. मी लेकरासारखी पुन्हा वाजवली. मजा आली मले. लिहायले लाज वाटते, पण आली.

परत आलो तर समाजमंदिरासमोर माणसं उभी. बुधूभाऊनं तेवढं विचारलं, "पुरी?" म्हटलं, पुरी. अन् सगळ्याईच्या देखत काठी अन्नपूर्णाच्या ओट्यावर टेकवली. वामनराव म्हणे, तिच्या घरी सध्या गडी नाई. मी म्हटलं, नियम आता बदलला.

२६ मार्च

आज पाळी अन्नपूर्णाची. सकाळी उठली, अंगण झाडलं, शेजारी गेली अन् तिच्या ओट्यावरची काठी उचलून चालायले लागली. कोणाची दया येऊन नाई. तिची साडी फाटली म्हणून नाई. मले जायचं होतं, बस.

पाण्याच्या टाकीपाशी समजलं मी काय करून राह्यली ते. परत फिरली. काठी होती तिथं ठेवली, तिची कडी वाजवली. "ऊठ वो, पाळी आहे तुही. वामनरावाच्या सुनेले घेऊन जाय संग."

डोळे चोळत बाहेर आली. म्हणे, "तुमी नाई येत?"

नाई म्हटलं. काय जड गेलं ते नाई म्हणणं!