कुठलंही खोकं उचला

बंगळुरू, ६ जून २०२५

ती. शांतीलालकाकांस, भाविकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्र. आमच्या कंपनीचं काही खरं नाही. संगणकावर चित्रं आणि गेम पळवणारी ग्राफिक्स चिप आम्ही बनवतो, हे तुम्ही साऱ्या कळसाडीला सांगून ठेवलंच आहे. मागच्या वर्षी, नवी चिप तपासून तिच्यावर लिहिणाऱ्या परीक्षकांना आम्ही निवडून चांगले नग पाठवले. कौतुक झालं. मग लोकांनी विकत घेतलेले नग तापू लागले, पडदे काळे पडले आणि पार नाचक्की झाली.

नवी चिप खरोखर चांगली आहे. आमच्या प्रमुख कामिनीताईंनी तिच्यासाठी रक्त आटवलंय. पण आता आमच्यावर विश्वास कोण ठेवणार? हीही पडली तर दिवाळीआधी कंपनीला टाळं लागेल. वरचे लोक म्हणतात, यंदा आणखी निवडून पाठवू.

काकींना नमस्कार.

तुमची भाविका

कळसाडी, १५ जून २०२५

चि. भाविकास अनेक आशीर्वाद.

चिपमधलं मला काडीचं कळत नाही, आणि गावाला मी काय सांगतो ते तू काढू नकोस. केळीचं मात्र कळतं. तुझ्या जन्माआधी मी व्यापाऱ्याला बांधाकडच्या दोनच ओळी दाखवायचो. त्यांना खतपाणी जास्त, घड कसे भरलेले! आत सगळा बारीक माल. एकदा कापणीला टेम्पो लागला आणि उघडा पडलो. पुढे दोन हंगाम आपल्या बागेत कोणी पाय ठेवला नाही.

तेव्हापासून व्यापारी आला की मी बांधावर बसतो आणि त्याला सांगतो, वाटेल त्या ओळीत शिर. सोबतही जात नाही. पहिल्यांदा छाती फार धडधडते. आतला माल चांगला असेल तर तुम्ही तसंच करा; नसेल तर विकूच नका.

काकी विचारते, पोर वखतवर जेवस का नही.

तुझा काका, शांतीलाल

बंगळुरू, २४ ऑगस्ट २०२५

ती. काकांस सा. न.

बैठकीत मी सरळ तुमच्या केळीचंच सांगितलं. बाकीचे हसले, कामिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी बारा परीक्षकांना गोदामाशी बोलावलं, किल्ली दिली आणि म्हणाल्या, कुठलंही खोकं उचला, आमचा माणूस आत येणार नाही. काका, धडधड म्हणजे काय ते कळलं!

अकरा नग झकास चालले. बाराव्याचा पंखा खडखडला. मला वाटलं, संपलं. कामिनीताईंनी बाराही अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर लावले, खडखडणाऱ्या पंख्याचा सगळ्यांत वर. खाली स्वतःच्या नावाने लिहिलं, की दोष आमचा आहे, असा नग निघाला तर बदलून देऊ. अशी बाई मी पाहिली नाही.

दुकानांकडून मागणी येतेय. टाळं लागत नाही, काका!

माया आहेच, ती वाढवा.

भाविका

कळसाडी, ३ सप्टेंबर २०२५

चि. भाविकास आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं, काकीला दोनदा वाचून दाखवलं. कामिनीताईंना माझा नमस्कार सांग. मी आपला व्यापाऱ्याला नुसतं बागेत शिरू देतो. आत खराब झाड असलं तर आजवर गप्पच बसत आलो. त्याला दिसलं नाही तर बरं, असं मनात म्हणत आलो.

काल व्यापारी आला. मागच्या कोपऱ्यात यंदा करपा रोग लागलाय. मी उठलो, त्याचा हात धरला आणि आधी तिथेच घेऊन गेलो. करपलेली पानं मीच उलटून दाखवली, बेटा.

तुझा काका, शांतीलाल