विहंगला सांगितलेली तारीख

३ जुलै, गुरुवार

तारीख नाही! एक चित्र, खाली चार जपानी अक्षरं आणि ‘ॲनिमे येणार’ एवढंच. कधी, ते नाही. चाहत्यांच्या ग्रुपवर नुसता धिंगाणा. माझी मैत्रीण हर्षाली, तिने किंचाळण्याचे तीन व्हॉइस मेसेज पाठवले, तिसऱ्यात चक्क रडतेय. मी क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसून ऐकले. समोर दाढ धरून बसलेला पेशंट माझ्याकडे बघत होता.

घरी येऊन विहंगला सांगितलं. पलंगावर ताडकन उठून बसला. पहिला प्रश्न— “कधी?”

४ जुलै

‘शिओमाची’. भरतीची वाट बघणं, असा काहीसा अर्थ. कॉम्प्युटरवरचा जपानी खेळ, त्याचीच आता ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका. खेळ म्हणायचं, पण खेळायचं त्यात काही नाही. वर चित्र, खाली वाचायचं, मधे मधे आपण निवड करायची आणि जे निवडू तसा शेवट. विहंग अकरावीत होता तेव्हा त्याने मला जबरदस्तीने शेजारी बसवलं होतं. मग मलाच सोडवेना. एक बेट, चार माणसं, चार वाटा. सगळ्या जगाला दीपगृहातली मुलगी आवडते. माझ्या भावाला तो म्हातारा नावाडी. त्याची वाट सगळ्यात छोटी. निम्म्या लोकांना सापडतही नाही.

आता मीच वाचते. इंग्रजी बघायचं, मराठीत सांगायचं. अक्षरं त्याला होळीपासून दिसत नाहीत. चित्र दिसतं, तेही नळीतून बघितल्यासारखं— मधला तेवढा तुकडा. डोळ्यामागचा पडदा वाळत चाललाय. एकोणीस वर्षांचा आहे. कॉलेज सोडून घरी बसलाय.

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, “किती दिवस ते सांगता येत नाही. पण वर्ष धरून चालू नका.” बाहेर आल्यावर आई म्हणाली, “म्हणजे वर्षभर तरी आहे.”

९ जुलै

ग्रुपवर अंदाजच अंदाज. चित्रातल्या नावेची सावली डावीकडे पडलीय, म्हणजे संध्याकाळ, म्हणजे दीपगृहाची वाट घेणार— यावर दोनशे मेसेज! पात्रांना आवाज देणाऱ्या एका बाईने आईस्क्रीमचा फोटो टाकला होता. कोणीतरी तो मोठा करून मागे बंदर शोधून काढलंय. बारा भाग की चोवीस? बारा असले तर नावाडी गेलाच.

विहंग हसत होता. किती दिवसांनी! “ताई, त्या सावलीवाल्याचं परत वाच ना.”

मग म्हणाला, “मला बाकी काही नको. नावाडी उठून चार पावलं चालताना दिसला पाहिजे. खेळात तो एकाच चित्रात बसून आहे. कायमचा.”

१८ जुलै

जिन्यात पडला. दोनच पायऱ्या. आईला सांगू नको म्हणाला. सांगितलं नाही.

२ ऑगस्ट

ग्रुपवर एक बाई आहेत, नागोयाला राहतात. त्यांना या धंद्यातलं कळतं. त्यांनी शांतपणे लिहिलं— स्टुडिओच्या हातात आधीचीच दोन कामं आहेत, २०२७च्या आधी विसरा. खाली शंभर जणांचे रडके चेहरे. रडके चेहरे! यांचं काय जातंय? दोन वर्षं थांबतील आणि बघतील.

विहंग शेजारी बसलेला. “आज काय म्हणतायत?”

“जानेवारी म्हणतायत,” मी म्हटलं.

तोंडातून गेलं. काही ठरवलं नव्हतं.

“येत्या?”

“हो.”

“नक्की?”

“जवळजवळ.”

त्याने बोटांवर महिने मोजले. “पाच. होईल मग,” म्हणाला आणि आडवा झाला. चेहरा असा निवांत— मला बघवेना.

३ ऑगस्ट

कालचं बोललेलं आज परत घेणार होते. तो स्वयंपाकघरात आईला सांगत होता. आई पोळी लाटायची थांबली होती. नाही घेतलं.

१४ ऑगस्ट

“जानेवारी पहिल्यांदा कोण म्हणालं?” विहंगने विचारलं.

“ओसाकातला एक. त्याची मावसबहीण स्टुडिओत आहे.”

“नाव काय त्याचं?”

“केंजी.” पहिलं सुचलं ते.

आता रोज केंजी. केंजी काय म्हणाला? नावाड्याबद्दल विचारलंस का केंजीला? संध्याकाळी कॅनडा कॉर्नरच्या क्लिनिकमधून पंचवटीत घरी येईपर्यंत बसमध्ये मी केंजीची वाक्यं जुळवत असते. परवा काहीच सुचेना तर केंजीला ताप आला म्हणून सांगितलं. विहंग म्हणाला, “काळजी घे म्हणावं.”

ग्रुपवर खरी माणसं रोज लिहितायत— उशीर, अजून उशीर, एकाच्या मते २०२८. ते मी आता मोठ्याने वाचतच नाही.

२९ ऑगस्ट

गणपतीचा तिसरा दिवस. आरतीनंतर निरांजन फिरलं. विहंगने ज्योतीवरून हात फिरवायला पुढे केला तो थेट ज्योतीतच. बोटं भाजली. मोहिनीमावशी बोलून गेली, “अरे, लक्ष कुठे तुझं?” बाबा बर्फ आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी गेले, तर फ्रिज उघडून नुसते उभे होते.

रोज रामकुंडावर बाबा परक्या लोकांची दहाव्या-तेराव्याची कार्यं करतात. रडणाऱ्या यजमानांची समजूत घालतात— ती त्यांना छान जमते, मी पाहिलंय. घरात मात्र एक शब्द नाही. पहाटे सूर्याला अर्घ्य देतात ते आता जास्त वेळ चालतं, एवढंच.

१४ सप्टेंबर, रविवार

हर्षाली आली होती. मीच बोलावलं आणि तेच चुकलं. पोहे खाता खाता विहंग तिला म्हणाला, “तुझा विश्वास आहे का केंजीवर?”

हर्षालीने माझ्याकडे बघितलं. मी ‘हो म्हण’ अशी मान हलवली.

“आहे ना,” ती म्हणाली. “हुशार आहे तो.”

खाली तिच्या गाडीपाशी—

“कोण केंजी?”

सांगितलं.

“मृणू, अगं वेडी आहेस का? जानेवारीत काय करणार?”

“जानेवारीपर्यंत कोणी पाहिलंय?”

“म्हणजे? तोपर्यंत त्याचे डोळे जातील, असा हिशेब केलायस तू?”

मी एवढं स्पष्ट मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. पण तोच होता हिशेब. हर्षालीने हेल्मेट घातलं, काढलं, मला जवळ घेतलं आणि गेली. तेव्हापासून तिचा मेसेज नाही.

२१ सप्टेंबर

बाबा माझ्या खोलीत आले. कधी येत नाहीत. दारातच उभे.

“मृण्मयी, ते जपानचं जे आहे... त्या लोकांना पत्र लिहिता येतं का?”

“कशाला, बाबा?”

“त्यांनी जेवढं केलं असेल तेवढं तरी. आधी एकट्याला दाखवता येईल का म्हणून. कोणाला सांगणार नाही आपण. तसं लिहून देऊ.”

म्हणजे बाबांना जानेवारीवर विश्वास नाही. बाबा मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहिलं. ‘आमचा मुलगा गुणी आहे’ हे लिहायलाच लावलं त्यांनी. शेवटी त्यांचं पूर्ण नाव, वेणीमाधव, आणि खाली पत्ता— पिनकोडसकट.

२४ सप्टेंबर

उत्तर आलं. तुमच्या उत्सुकतेबद्दल आभारी आहोत, पुढील माहितीसाठी संकेतस्थळ बघत राहा. सगळ्यांना जातं ते. बाबांना वाचून दाखवलं. “उत्तर दिलं तरी,” म्हणाले.

१२ ऑक्टोबर

हे मला आधी कळायला हवं होतं.

पंधरा दिवस झाले, विहंग दिवसभर डोळे मिटून बसतो. मला वाटलं दुखतायत. आज विचारलं.

“राखून ठेवतोय,” म्हणाला.

“काय?”

“डोळे. उगाच कशाला वापरायचे? जानेवारीपर्यंत पुरले पाहिजेत.”

लॅपटॉप बंद. जुने फोटो बघायचा, तेही बंद. जेवायलासुद्धा डोळे मिटून. चाचपडून घास घेतो. माझ्या एका शब्दापायी! बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर म्हणतो, “केंजी काय म्हणतोय?”

१६ ऑक्टोबर

डॉक्टरांना फोन केला. “असे डोळे राखता येत नाहीत हो,” ते म्हणाले. “वापरून संपत नाहीत आणि मिटून वाचत नाहीत. दिसतंय तोवर त्याला दाखवा. भरपूर दाखवा.”

विहंगला सांगितलं. तो म्हणाला, “त्यांना काय माहीत?”

“आणि समजा जानेवारीत नाही आलं तर?”

“केंजी म्हणालाय ना?”

इथे सांगायचं होतं. “हो, म्हणालाय,” म्हटलं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. संध्याकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर. चहूकडे दिवे, आकाशकंदील, नदीच्या बाजूला तर नुसता उजेड. मी विहंगला अक्षरशः ओढत वर नेलं. कठड्यापाशी उभं केलं.

“उघड ना डोळे. एकदाच. माझ्यासाठी.”

“नको ताई.”

“अरे, एका मिनिटाने काय होतं?”

“एक मिनिट म्हणजे नावाडी चार पावलं चालतो,” म्हणाला. आणि हसला.

आम्ही तसेच उभे. मी दिव्यांकडे बघत, तो डोळे मिटून फटाक्यांचा आवाज ऐकत.

२६ ऑक्टोबर

कधी कधी वाटतं, जाऊ देत एकदाचे ते डोळे. ही वाट बघणं तरी संपेल. लिहिलं हे मी. खोडणार नाही.

१५ नोव्हेंबर

स्टुडिओने जाहीर केलं! २८ तारखेला ट्रेलर— सत्तर सेकंदांचा. जपानमध्ये रात्री आठ, आपल्याकडे साडेचार. आणि शेवटी तारीख सांगणार.

तारीख! सगळं उघडं पडणार. मग वाटलं, पडू दे. सत्तर सेकंद तर आहेत. सत्तर सेकंद तो बघेल. मग त्याला काय हवं ते बोलू दे मला.

विहंगला खरी बातमी खऱ्या शब्दांत वाचून दाखवली. किती महिन्यांनी! शब्द सोपे गेले, अडखळले नाही. त्याने दोन्ही हातांनी माझं डोकं धरून गदागदा हलवलं. लहानपणी करायचा तसं.

हर्षालीचाही मेसेज आला. “सांगून टाक त्याला, आधी.”

२२ नोव्हेंबर

घरात लग्न असल्यासारखं. बाबांनी २८ला दुपारनंतरचं कार्य दुसऱ्या गुरुजींकडे दिलं. आई करंज्या करणार म्हणते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय. फोनवरचं टीव्हीवर कसं लावायचं ते शिकले. टीव्ही मोठा, त्याला तुकडा मोठा दिसेल. खुर्ची कुठे ठेवायची, किती अंतरावर, ते आईने खडूने आखून ठेवलंय.

ग्रुपवर अजून तेच— बारा की चोवीस, नावाडी असणार की नाही. आज पहिल्यांदा मीही लिहिलं. असू दे रे देवा, एवढंच, मराठीत. कोणाला कळलं नाही. तिघांनी बदाम टाकले.

२७ नोव्हेंबर

संध्याकाळी त्याच्याजवळ बसले. “विहंग, एक सांगायचंय.”

“उद्या सांग,” तो म्हणाला. “जे असेल ते उद्या.”

डोळे मिटलेलेच होते. त्याच्या पापण्या केवढ्या लांब आहेत, कधी लक्षात आलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

साडेचारला लावलं. आवाज आला, टीव्हीवर चित्र आलंच नाही. काळा पडदा नुसता. मी फोनवर बोटं आपटतेय, बाबा मागची वायर हलवतायत. “थांब रे, एक मिनिट” म्हणायला वळले, तर विहंग खुर्चीत पुढे सरकून बसलेला. डोळे सताड उघडे. संगीत थांबेपर्यंत हलला नाही. पडदा शेवटपर्यंत काळाच.

मग म्हणाला, “किती सुंदर काढलंय ना, ताई!”

बाबांच्या हातातून वायर सुटली. आई दारात होती.

मी हो म्हटलं.

तारीख त्याने विचारली नाही.