रोही पळवणारा अल्बम

ति. वैजयंतीताईस, किन्हीराजाहून गोपीचंदचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनातच घातला). भाऊजींचं पित्त शमलं असेल, निकिताची परीक्षा पार पडली असेल. इकडे क्षेम आहे. 'सर्व क्षेम' लिहायला घरात सर्व लागतात, म्हणून नुसतंच क्षेम. फोनवर तू 'नंतर बोलते' म्हणतेस, तेव्हा पत्रच बरं.

तर माझा अल्बम निघाला. नाव 'गोठा'. गाणी कोणाची, असं विचारू नकोस, गाणी नाहीत. म्हशीचं रेकणं, गाढवाचं ओरडणं, टिटवीचा कलकलाट असं सगळं फोनमध्ये धरलं, कॉम्प्युटरवर ताणलं, फाडलं, उलटं केलं आणि टिनपत्र्याच्या खरखरीत कालवलं. याला नॉइज म्युझिक म्हणतात (परदेशात लोक तिकीट काढून ऐकतात म्हणे). खरं सांगतो, आई गेल्यावर या घरात माझ्या खोकल्याशिवाय आवाज उरला नाही, म्हणून मी आवाज गोळा करत सुटलो. मग वाटायला लागलं, एका तरी माणसानं हे शेवटपर्यंत ऐकावं. तुला पाठवला, तर तुझा अंगठा लगेच आला. अल्बम अर्ध्या तासाचा आहे, पण ते असो.

शेवटी शेजारच्या दौलतसिंगकाकांना धरून बसवलं. थोडं ऐकून ते म्हणाले, "गोपी, मोटर जळून राह्यली काय रे?" मी म्हटलं, काका, संगीत आहे. "मंग सुरू कधी होते?" तरी जाताना त्यांनी मेमरी कार्डात अल्बम मागून नेला. मला भरून आलं. नंतर कळलं, तो हरभऱ्यात लावायला नेला होता. रोही (निकिताच्या पुस्तकातली नीलगाय) हाकलायला आपल्याकडे वावरात भोंग्यावर 'हाऽड हाऽड' लावतात, हे तुला ठाऊकच आहे. रोही आता इतके निर्ढावलेत की भोंग्याखालीच चरतात. माझ्या अल्बमला मात्र पहिल्याच दिवशी काकांचं कुंपण मोडून पळाले.

आता सगळ्या शिवारात सकाळ-संध्याकाळ 'गोठा' वाजतो. लोक रस्त्यात थांबवून सांगतात, "तुह्या आवाजानं वावर वाचलं, गड्या," आणि कानात कापूस कोंबून कामाला लागतात. टिटव्या गेल्या, होले गेले, काकांची म्हैस आटली. दुसऱ्या अल्बमसाठी फोन घेऊन बांधावर बसावं, तर कानावर माझाच पहिला अल्बम. ताई, इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

भाऊजींना नमस्कार, निकिताला आशीर्वाद.

तुझा,
गोपी

ता. क. : सातव्या तुकड्यात जनावर नाही. दिवाळीत तू जेवून ओसरीवर आडवी झालीस, तेव्हाचं तुझं घोरणं आहे. काका म्हणतात, रोही सगळ्यात जास्त त्यालाच भेतात.

आणखी एक : तो तुकडा मी घरातही लावतो. आत कोणीतरी झोपलंय असं वाटतं, मग मी भांडी हळू ठेवतो. राग आला असेल तर फोनवर काढू नकोस. इथे येऊन काढ, आणि आठ दिवस पुरेल एवढा घेऊन ये.